इंजिनाची रोजनिशी

कॅप्टन अमोल यादव यांच्या विमानाची हकिगत आता बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. व्यवसायाने वैमानिक असलेल्या या मराठी माणसाने मुंबईत, कांदिवलीच्या चारकोप भागातील राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनासाठी ते गच्चीवरून खाली उतरविण्यात आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदणी झाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची चाचणी झाली. धुळे आम्हा बुऱ्हाणपूरकरांना परके नाही. आमच्या घाटांवरून वाहणारी तापी पुढे खानदेशात जाते आणि धुळ्याची पांझरा तिलाच जाऊन मिळते. त्यामुळे ही वार्ता इकडेही आपुलकीने वाचली गेली.

या सर्व काळात वर्तमानपत्रांनी, दूरचित्रवाणीने आणि चहाच्या टपऱ्यांनी मुख्यतः एकच प्रश्न विचारला: उडाले का? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु माझ्या मते घरी बांधलेल्या विमानाच्या बाबतीत तो दुसरा प्रश्न होय. पहिला प्रश्न असा, की उडत असताना इंजिन कसे चालत होते, आणि ते कोठे लिहून ठेवले आहे? हा प्रश्न मी यादवांना विचारीत नाही. टाळ्या वाजविणाऱ्या आपणा सर्वांना, विशेषतः उद्या असेच काही करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना, विचारीत आहे.

विमानविद्येचा आरंभच मुळी नोंदीपासून झाला आहे. राइट बंधू हे सायकलींचे दुकानदार होते. त्यांचे विमान घरगुती होते आणि त्याचे सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन त्यांच्याच दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने घडविले होते. १७ डिसेंबर १९०३ रोजी ते विमान उडाले तेव्हा त्यावर तीन उपकरणे बसविलेली होती: वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र, थांबघड्याळ आणि इंजिनाचे फेरे मोजणारा गणक. इंजिन बंद करणाऱ्या दांड्यानेच ही उपकरणेही थांबत, म्हणजे उड्डाण संपताच आकडे जागच्या जागी राहत. त्या दिवसाचे पहिले उड्डाण १२ सेकंदांचे आणि १२० फुटांचे, तर चौथे ५९ सेकंदांचे आणि ८५२ फुटांचे होते, हे आज आपण निःशंकपणे सांगतो ते या काटेकोरपणामुळे. वजनाचा कण न् कण वाचविणाऱ्या त्या दोघांनी मोजमापाच्या साधनांचे वजन मात्र आनंदाने वाहिले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याच्या उलट उदाहरण आपल्या घरचे आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडविले असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. जानेवारी २०१५ मध्ये मुंबईला भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या सुमारास हा वाद पुन्हा रंगला आणि त्याच वर्षी त्यावर हिंदी चित्रपटही निघाला. परंतु त्या उड्डाणाची विश्वसनीय अशी समकालीन नोंद उपलब्ध नाही. ज्या वैमानिकशास्त्राचा या संदर्भात दाखला दिला जातो, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९७४ साली केली. तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी रचलेला असून त्यातील विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तळपदे यांच्या जिज्ञासेबद्दल मला आदर आहे. त्यांनी काय केले असेल ते असो. पण किती फूट, किती क्षण, कोणत्या शक्तीने, यांपैकी एकही आकडा मागे नसल्यामुळे त्यांचा प्रयत्न अभिमानाच्या भाषणात राहिला, विद्येत जमा झाला नाही. नोंदीवाचून केलेल्या पराक्रमाची आपल्याकडे अशी गत होते.

आता प्रत्यक्ष विषयाकडे वळू. इंजिन हे बंद घर आहे. आत काय चालले आहे ते दिसत नाही. येथे मला आमच्या गावच्या कुंडी भंडाऱ्याची आठवण होते. १६१५ साली अब्दुर रहीम खानखानाच्या काळात बांधलेली ही भूमिगत जलवाहिनी सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी शहराकडे आणते. तिच्यावर ठरावीक अंतराने शंभराहून अधिक कुंड्या आहेत. वाहिनी जमिनीखाली असली तरी कुंडीत डोकावले की पाणी किती आहे, गढूळ आहे की निवळ, ते समजते. एखाद्या कुंडीत पाणी आहे आणि पुढच्या कुंडीत नाही, तर अडथळा कोठे असेल हेही समजते. इंजिनावरील सेन्सर म्हणजे अशा कुंड्याच होत.

लहान विमानांत सामान्यतः चार किंवा सहा सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे इंजिन असते. त्याच्या प्रत्येक सिलिंडरच्या डोक्याचे तापमान आणि प्रत्येक सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूचे तापमान, या दोन मुख्य कुंड्या. त्यांच्या जोडीला तेलाचा दाब व तापमान, इंधनाचा दाब व प्रवाह, आत जाणाऱ्या हवेचा दाब आणि दर मिनिटाचे फेरे. तापमान मोजण्यासाठी थर्मोकपल वापरतात. दोन भिन्न धातूंच्या तारा जोडून सांधा तापविला की सूक्ष्म विद्युत्‌दाब निर्माण होतो, हे आपण पदार्थविज्ञानात सीबेकच्या नावाने शिकतो. क्रोमेल आणि अॅल्युमेल यांच्या जोडीत हा दाब दर अंश सेल्सिअसमागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट असतो. म्हणजे शंभर अंशांच्या फरकाला जेमतेम ४ मिलिव्होल्ट! इतका क्षीण संदेश मॅग्नेटो, विद्युत्‌जनित्र आणि रेडिओ यांच्या गोंगाटातून पडद्यापर्यंत सुखरूप आणावयाचा असतो.

येथेच घरगुती बांधणाऱ्याची परीक्षा सुरू होते. थर्मोकपलची तार आखूड पडली म्हणून मध्येच तांब्याची तार जोडली, की सांध्यापाशी नवे तापमान हिशेबात शिरते आणि आकडा चुकतो. अर्थिंग नीट नसेल तर दिवा लावताच किंवा रेडिओवर बोलताच तेलाचा दाब बदललेला दिसतो, वास्तविक तेलाला काहीच झालेले नसते. तेलदाबाचा जड सेन्सर थेट इंजिनावर पिळून बसविला तर कंपनांनी त्याची मान तुटून तेल सांडू शकते. म्हणून तो लवचीक नळीने जोडून इंजिनामागील पोलादी पडद्यावर बसवितात. सारांश, मोजणारे यंत्रही बिघडू शकते. त्याच्यावर श्रद्धा ठेवावयाची नसते, त्याचीही तपासणी करावयाची असते. उकळत्या पाण्यात बुडविल्यावर जो सेन्सर शंभराच्या आसपास आकडा दाखवीत नाही, त्याने उड्डाणात सांगितलेले काय खरे मानावे?

दाखविणे आणि नोंदविणे यांत मोठा फरक आहे, आणि माझ्या प्रतिपादनाचा गाभा तोच आहे. इंजिनाचे बिघाड तीन गतींनी येतात. पहिली गती क्षणांची. मिश्रण ठिणगीच्या आधीच किंवा स्फोटासारखे पेटू लागले, तर सिलिंडरच्या डोक्याचे तापमान झपाट्याने चढते. अनेक लायकमिंग इंजिनांत त्याची कमाल मर्यादा २६० अंश सेल्सिअस आहे आणि इंजिन दीर्घकाळ टिकावे म्हणून जाणकार ते सुमारे २०५ अंशांच्या आत ठेवतात. येथे डोळ्यांसमोरचा पडदा आणि इशाऱ्याचा लाल दिवा हवाच. नोंद नंतर वाचून उपयोग नाही.

दुसरी गती मिनिटांची आहे. विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात. त्यांतील एक निकामी झाला तरी इंजिन चालूच राहते. मात्र ज्वाला एकाच बाजूने पसरत असल्यामुळे जळण लांबते आणि बाहेर पडणारा वायू नेहमीपेक्षा अधिक तापलेला असतो. पडद्यावर हा आकडा इतर आकड्यांच्या गर्दीत सहज निसटतो. उतरल्यावर आलेख काढला, की चार रेघांपैकी एक रेघ अमुक मिनिटाला वर चढली हे शाळकरी मुलालाही दिसते. जळत चाललेल्या एक्झॉस्ट झडपेचे तर आणखी विशेष आहे. तिच्या सिलिंडरच्या वायूचे तापमान मंद लाटेसारखे थोडे वर, थोडे खाली होत राहते. झडप सावकाश फिरत असते आणि तिचा गळका भाग फिरून फिरून पुढे येतो, म्हणून असे होते असे जाणकार मानतात. ही लाट इतकी मंद की कोणताही वैमानिक ती नुसत्या डोळ्यांनी ओळखू शकणार नाही. ती फक्त नोंदीत दिसते.

तिसरी गती महिन्यांची. त्याच उंचीवर, त्याच वेगाने, तेवढ्याच उष्ण दिवशी तेलाचा दाब गेल्या हिवाळ्यापेक्षा किंचित उतरला आहे का, हा प्रश्न कोणताही पडदा सोडवीत नाही. त्याला मागची वही लागते.

मोठ्या कारखान्यात विमान बांधले जाते तेव्हा आराखडा करणारा एक, जुळणी करणारा दुसरा, तपासणारा तिसरा आणि प्रथम उडविणारा चौथा असतो. ते एकमेकांना प्रश्न विचारतात, प्रसंगी भांडतातही. घरी बांधलेल्या विमानात मालक, मिस्त्री, तपासनीस आणि वैमानिक बहुधा एकच असतो. त्याने पाच-दहा वर्षे आणि घरातली पुंजी त्यात ओतलेली असते. पहिल्या उड्डाणात त्याचे अर्धे लक्ष धावपट्टीकडे आणि अर्धे स्वतःच्या धडधडणाऱ्या छातीकडे असते. उतरल्यावर त्याला विचारा, तिसऱ्या सिलिंडरचे तापमान किती होते? तो म्हणेल, सगळे ठीक होते. तो खोटे बोलत नाही. पण प्रेमात पडलेल्या माणसाची साक्ष कोणत्याही न्यायालयात एकटी पुरत नाही. नोंदयंत्र हा त्या विमानाच्या प्रेमात नसलेला एकमेव साक्षीदार आहे.

हे केवळ माझे मत नव्हे. अमेरिकेत अशी विमाने हजारोंनी उडतात. तेथे नव्या घरगुती विमानाला सामान्यतः पहिले २५ किंवा ४० तास नेमून दिलेल्या क्षेत्रातच चाचणीसाठी उडावे लागते. तेथील राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०१२ साली या विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंजिनाचे बिघाड आणि विमानावरील ताबा सुटणे ही त्यांत ठळक कारणे आढळली. मंडळाने ज्या सुधारणा सुचविल्या त्यांत चाचणीच्या काळात इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी टिपलेली माहिती वापरण्याचाही समावेश आहे. चाळीस तासांची नोंद दर सेकंदाला एक ओळ या हिशेबाने १,४४,००० ओळींची होते. ऐकताना हा आकडा मोठा वाटतो. पण एवढी माहिती आपल्या मोबाइलमधील चार-पाच छायाचित्रांच्या जागेत मावते. त्यासाठी खिशाला भार नाही, प्रश्न आहे तो सवयीचा.

नोंद असली म्हणजे सर्व साधले, असेही मी म्हणत नाही. डिसेंबर १९८६ मध्ये डिक रुटान आणि जीना यीगर यांनी ‘व्हॉयेजर’ या विमानातून वाटेत इंधन न घेता, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. नऊ दिवसांचा तो प्रवास होता आणि ते विमानही कोणा मोठ्या कारखान्याचे नव्हते. निघताना त्यात तीन टनांहून अधिक इंधन होते. वाटेत हिशेब जुळेना, वहीप्रमाणे इंधन अपुरे पडणार असे दिसू लागले. काही इंधन मापकाला वगळून उलट टाकीत परत जात होते, हे त्याचे कारण. अखेर विमानाच्या कामगिरीवरून त्याचे वजन, आणि वजनावरून शिल्लक इंधन अजमावावे लागले. उतरले तेव्हा सुमारे ४८ किलो इंधन उरले होते. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक आकडा दुसऱ्या स्वतंत्र आकड्याशी ताडून पाहावा लागतो. आणि मुळात वही ठेवली होती म्हणूनच काहीतरी जुळत नाही हे कळले.

‘व्हॉयेजर’चा आराखडा बर्ट रुटान यांचा. त्यांच्याच ‘लाँग-ईझी’ या घरगुती विमानाच्या आराखड्यावरून बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने एक संशोधन-विमान बांधले आणि ते १९८७ साली उडाले. त्याच प्रयोगशाळेच्या ‘हंसा’ मालिकेतील नव्या विमानाने ३ सप्टेंबर २०२१ रोजी पहिले उड्डाण केले. त्याच्या इंजिनाचे नियंत्रण संगणक करतो आणि वैमानिकापुढे जुन्या तबकड्यांऐवजी काचेचे पडदे आहेत. या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना हे उदाहरण जवळचे वाटेल. हौशी माणसाचा आराखडा आणि सरकारी प्रयोगशाळेची शिस्त एकत्र येऊ शकतात, असा त्याचा अर्थ आहे.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप जुन्या जाणत्यांचा: खरा कारागीर कानाने इंजिन ओळखतो. आमच्या गावात यंत्रमागांची कमतरता नाही, आणि मागाच्या खडखडाटातला सूक्ष्म फरक ओळखणारे विणकर मी पाहिले आहेत. त्यांच्याविषयी मला आदरच वाटतो. पण त्याच मागावर आडवा धागा तुटताच माग थांबविणारा काटाही बसविलेला असतो. ज्यांचे कान तयार आहेत त्यांनीच तो स्वीकारला, कारण आठ तासांच्या पाळीत कान थकतो हे त्यांना ठाऊक होते. शिवाय कानाचे ज्ञान कारागिराबरोबर जाते, वहीचे ज्ञान मागे राहते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पडद्यावर तीस आकडे नाचू लागले की वैमानिकाची नजर बाहेर न राहता आत गुंतते. हे खरे आहे. म्हणूनच माझा आग्रह दाखविण्यापेक्षा नोंदविण्यावर अधिक आहे. पडद्याने थोडे बोलावे. मर्यादा ओलांडली जाण्यापूर्वी ओरडावे, एरवी गप्प बसावे. बाकी सर्व वहीत जावे आणि जमिनीवर, चहा घेताना, शांतपणे वाचले जावे.

तिसरा आक्षेप खर्चाचा. चार्ल्स लिंडबर्गने १९२७ साली ३३ तासांहून अधिक काळ एकट्याने अटलांटिक ओलांडताना कोणत्या टाकीतून किती तास इंधन घेतले, याच्या खुणा उपकरणांच्या फळीवर पेन्सिलने केल्या होत्या. पुढे १९४४ साली पॅसिफिकमध्ये त्यानेच लढाऊ वैमानिकांना कमी फेरे आणि अधिक हवादाब ठेवून इंधन कसे वाचवावे ते शिकविले, आणि त्यांच्या विमानांचा पल्ला वाढला. हिशेबाची सवय पेन्सिलीपासून लागते. आज तर थर्मोकपलचा संदेश आकड्यात बदलणारी चिप, एक लहान नियंत्रक आणि एक स्मृतिपट्टी एवढ्यावर काम भागते. पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी ते जुळवू शकेल.

चौथा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण मनात असतो: लिहून ठेवले तर उद्या तेच आपल्यावर उलटेल. अधिकारी विचारील, विमा कंपनी विचारील. आपल्याकडे वह्या कोऱ्या राहण्याचे, किंवा नंतर एका बैठकीत एकाच शाईने भरल्या जाण्याचे, हेच खरे कारण आहे. या भीतीवर उपाय एकच: प्रामाणिक नोंद ठेवणाऱ्याला नियमांनी आणि समाजाने संरक्षण द्यावे, आणि कोरी वही हाच दोष मानावा. विमान पडले तर फक्त बांधणाऱ्याचा जीव जात नाही. खालच्या वस्तीतल्या माणसांचाही जाऊ शकतो. त्यांना टाळ्यांशी देणेघेणे नसते, पण त्या वहीशी असते.

आता प्रश्न उरतो तो महाविद्यालयांचा. आपल्यापैकी विमान बांधणारा हजारात एकही निघणार नाही. परंतु इंजिने आणि मोटारी आपल्या चारी बाजूंना आहेत. बुऱ्हाणपूरच्या केळीच्या मळ्यांत दर उन्हाळ्यात पंपाच्या मोटारी जळतात. वीजदाब केव्हा उतरला, वेटोळ्याचे तापमान केव्हा चढले, याची नोंद बहुतेक ठिकाणी नसते. मोटार जळाली एवढेच कळते, आणि शेतकरी ती पुन्हा गुंडाळून आणतो. माझी सूचना अशी आहे: पदार्थविज्ञान आणि संगणक या दोन विभागांनी मिळून महाविद्यालयाच्या जनित्रावर किंवा जवळच्या एखाद्या मळ्यातील पंपावर चार सेन्सर बसवावेत, वर्षभर दर मिनिटाला नोंद ठेवावी, आणि तिचे आलेख पुढील वार्षिक अंकात छापावेत. त्यात काही दिवस कोरे निघाले तर कोरेच छापावेत आणि कारण लिहावे. कविता आणि कथांच्या शेजारी असे एखादे पान आले तर अंकाचे काही बिघडणार नाही.

आणि ज्या कोणाला गच्चीवर, गोठ्यात किंवा गॅरेजमध्ये खरोखरच विमान बांधावयाचे असेल, त्याच्याकडून माझी अपेक्षा एवढीच: पंख रंगविण्याआधी नोंदयंत्र बसवावे, पहिले उड्डाण करण्याआधी इंजिन जमिनीवर चालवून त्याचे आलेख शांतपणे वाचावेत, आणि उड्डाणानंतर यश असो वा अपयश, आकडे इतरांसाठी खुले करावेत. त्याच्या पुढचा तरुण तेथून सुरुवात करील. नाहीतर प्रत्येक गच्चीवर विमानविद्येचा जन्म नव्याने होत राहील.